न पेटणारा झगा

ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावच्या लायब्ररीत मी काउंटरवर बसायचे. दारातून मराठी माणूस आत शिरला की तो काय मागणार ते मी आधीच मनाशी ठरवून टाकायचे. इन्कम टॅक्सचे फॉर्म, नाहीतर जुन्या गाड्यांच्या किमती छापणारं ते मासिक. क्वचित एखादा मधुमेहाचं पुस्तक मागायचा, तेही 'मित्रासाठी' म्हणून. त्यामुळे शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत जगन्नाथ खांबेटे काउंटरवर वाकून, आजूबाजूला बघून, हळूच म्हणाले की बॅले नाचणाऱ्या बायकांच्या जुन्या काळच्या कपड्यांवर काही पुस्तकं आहेत का, तेव्हा मी हातातला शिक्का खाली ठेवला.

जगन्नाथराव रंगांच्या एका कंपनीत केमिकल इंजिनियर होते. सहासष्ट सालापासून अमेरिकेत, म्हणजे आमच्यातले अगदी जुने. उंच, वाकलेले, बारा महिने सुती शर्ट घालणारे. गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना पाठीमागे 'बंबवाले' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर हे नाव मीच ठेवलं होतं. कुणाच्याही घरी जेवायला गेले की हे गृहस्थ आधी स्वयंपाकघरात डोकावून शेगडी बघणार. मंडळाच्या गणपतीला आरती सुरू झाली की तबकाशेजारी पाण्याची बादली घेऊन उभे. दिवाळीला त्यांच्या घरी विजेच्या पणत्या. घर घेताना त्यांनी शाळा बघितली नाही, रस्ता बघितला नाही, स्वयंपाकघरात गॅसऐवजी विजेची शेगडी आहे एवढं बघून सही केली, असं त्यांची बायको सुलेखा सांगायची. आणि त्या घरात नायलॉनचा धागा चालत नसे. पार्टीला आम्ही सगळ्या झुळझुळीत साड्या नेसून जायचो आणि सुलेखा आपली सुती. आम्ही म्हणायचो, नवरा कंजूष आहे. सुलेखा हसून सोडून द्यायची.

पुस्तकं हवी होती ती मुलीसाठी. मृणालिनी त्यांची एकुलती एक, पंधरा वर्षांची. आमच्या बाकीच्या मुली दर रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भरतनाट्यम शिकायच्या. हिने सातव्या वर्षीच सांगितलं की मला बॅलेच हवा. मुलीपुढे बापाचं काही चाललं नाही, ते कधीच चालत नसे. ती मिसेस केलर नावाच्या बाईंच्या क्लासला जायला लागली. आणि मग दर वर्षीच्या कार्यक्रमात आम्ही हिला शोधत बसायचो. एका वर्षी झाड. पुढच्या वर्षी बेडूक. मग परत झाड. पोरगी सगळ्यांत चांगली नाचते हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही दिसत होतं, पण मिसेस केलरबाईंना मधोमध उभी करायला सोनेरी केसांचीच मुलगी लागायची. मृणाल लायब्ररीत यायची तेव्हा एकदा मला म्हणालीसुद्धा, "आय ॲम ऑल्वेज अ ट्री, कांचनमावशी." हसत म्हणाली, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

त्या वर्षी मात्र चमत्कार झाला. बाईंनी ठरवलं की या खेपेचा कार्यक्रम दीडशे वर्षांपूर्वीच्या पॅरिससारखा करायचा. तसेच कपडे, तसेच पडदे, तसेच केस. आणि मधली परी मृणालिनी. केस काळेभोर, मधोमध भांग पाडून कानांवर चापून बसवलेले, त्या काळच्या चित्रांत असतात अगदी तसे. म्हणजे ज्या केसांपायी इतकी वर्षं झाड झाली, त्याच केसांनी तिला परी केलं.

मी जगन्नाथरावांना दोन जाडजूड पुस्तकं काढून दिली. त्यांनी ती कंपनीचा रिपोर्ट वाचावा तशी वाचली, आणि मग एकेक पदार्थ घेऊन जमायच्या आमच्या पॉटलकांमध्ये दुसरा विषयच राहिला नाही. हातात पुलावाची पेपर प्लेट आणि तोंडात पॅरिस. त्या शतकात म्हणे बाईने हवेसारखं दिसायचं असा हुकूम होता. मग हवेसारखं दिसण्यासाठी काय करायचं, तर कमरेला दोऱ्या आवळून श्वास बंद करायचा आणि त्याखाली खळ घातलेल्या जाळीदार सुती कापडाचे थरावर थर चढवायचे, पोटरीपर्यंत, घंटेच्या आकाराचे. पाठीवर चिमुकले पंख, पाखराला शोभतील एवढे. त्या पंखांनी बाई उडत नसे, म्हणून तारा बांधून तिला वरून ओढायचे. पायात रेशमी सपाता, त्यांचं टोक सुईदोऱ्याने शिवून शिवून घट्ट केलेलं. त्यावर चवड्यांच्या टोकावर उभं राहायचं आणि चेहरा असा ठेवायचा की पाय दुखत नाहीत. पुरुषांना काम एकच, उचलून ठेवणं. आमचा प्रताप, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की हमालीच की ही. जगन्नाथराव गंभीरपणे म्हणाले, अगदी बरोबर, पुढे पुढे तर तेही काम बायकाच पुरुषी विजारी घालून करायला लागल्या.

एका नर्तकीच्या जुन्या सपाता तिच्या चाहत्यांनी विकत घेतल्या, शिजवल्या आणि वर सॉस घालून खाल्ल्या अशी एक आख्यायिका त्यांनी सांगितली, तेव्हा तर आम्ही पोट धरून हसलो. आपल्या पणज्या त्याच काळात नऊवारी नेसून विहिरीचं पाणी ओढत होत्या आणि इकडे लोक चपलांचं कालवण करत होते. जगन्नाथराव इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. पोरीच्या जगात शिरायला त्यांना एक दार सापडलं होतं. ती इंग्रजीत बोलायची, हे मराठीत उत्तर द्यायचे, आणि मध्ये ते पंख आणि झगे. जेवताना ती त्यांना विचारायची, बाबा, आज काय वाचलंत?

मार्चमध्ये एक दिवस ते लायब्ररीत आले आणि पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं. पानावर एका मुलीचं चित्र होतं, जेमतेम विशीची. मी वाचलं. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत, उघड्या ज्योतींचे. आणि हे झगे म्हणजे कापूसच, वर खळ, मध्ये भरपूर हवा. नाचता नाचता घेर ज्योतीला लागायचा. असं बऱ्याच जणींचं झालं होतं. सरकारने शेवटी फर्मान काढलं की झगे रसायनात बुडवून न पेटणारे करून घ्या. पण रसायनात बुडवलेला झगा मळकट दिसायचा, ताठ व्हायचा, तरंगायचा नाही. त्या चित्रातल्या मुलीने तो घालायला साफ नकार दिला होता. तालमीत तिच्या झग्याने पेट घेतला. कित्येक महिने यातना काढून ती गेली.

मी म्हटलं, जगन्नाथराव, हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे, आपल्याकडे आता विजेचे दिवे आहेत. ते हो म्हणाले. पुस्तक मिटलं, परत उघडलं. मग म्हणाले, "तिला सांगितलं होतं की हो सगळ्यांनी. ऐकलं नाही तिने." आणि पुस्तक तिथेच टाकून निघून गेले.

त्यानंतर त्यांचं लक्षण ठीक दिसेना. मिसेस केलरबाईंकडे जाऊन त्यांनी दिव्यांची चौकशी केली. बाईंनी त्यांना सगळं थिएटर हिंडून दाखवलं. विजेचे दिवे, छताला पाण्याच्या तोट्या, चारी दारं बाहेर उघडणारी. मुलींच्या हातात मेणबत्त्या होत्या त्या बॅटरीच्या, त्यातली एक जगन्नाथरावांनी स्क्रूड्रायव्हरने उघडून बघितली. बाईंनी हसून मृणालला सांगितलं की तुझे वडील गोड आहेत. मृणाल लाजेने अर्धी झाली. घरी येऊन तिने आईला सांगितलं की बाबांना प्लीज आवर.

पण कपड्यांचा हट्ट बाईंचाच होता. नायलॉनची जाळी नको, त्या काळची खळीची सुती जाळीच हवी, आणि झगा प्रत्येकीच्या आईने घरी शिवायचा. सुलेखाने थर कापले, कमरेला चुण्या घातल्या, पंखसुद्धा केले. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. शुक्रवारी झगा तयार होऊन बाथरूममध्ये शॉवरच्या दांडीवर टांगला होता. मी बघून आले होते. खरंच तो कपडा वाटतच नव्हता, फुंकर मारली तर दारातून बाहेर जाईल असा.

शनिवारी सकाळी सुलेखा आणि मृणाल तालमीला गेल्या. दुपारी मला सुलेखाचा फोन आला, म्हणाली, कांचन, असशील तशी ये.

मी गेले तर जगन्नाथराव बाथटबच्या काठावर बसलेले, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. टबमध्ये बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी. आणि त्यात तो झगा, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. माणसाने प्रमाण अगदी बरोबर घेतलं होतं. फक्त एवढं विसरला होता की ती जाळी उभी राहते ती खळीच्या जिवावर, आणि खळ पाण्यात गेली की राहतं ते नुसतं गाळणं. शिवाय सगळ्या कापडावर एक पिवळट, मळकी झाक आली होती.

मृणाल दारात उभी होती. तिने एकदाच विचारलं, "व्हाय, बाबा?"

जगन्नाथराव म्हणाले, "बोरॅक्सने काय होतं, कापूस पेट घेत नाही. धग लागली तर जळून काळा होतो, पण ज्योत पुढे जात नाही." तिने 'का' विचारलं होतं, यांनी 'कसं' ते सांगितलं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आता रडत बसायला वेळ नव्हता. दोन मराठी बायकांपुढे खळ गेलेलं सुती कापड आलं तर त्या काय करतील? शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला साबुदाणा डब्यात होता. सुलेखाने तो शिजायला टाकला. आईच्या घरी साड्यांना करायचो तशी खळ, आणि मळकट झाक घालवायला त्या खळीतच नीळ. देशातून आणलेली निळीची पुडी तिने जपून ठेवली होती. शुभ्र करायचं म्हटलं की आम्हाला दुसरं काही सुचत नाही. आम्हा दोघींनाही त्या वेळी हा मोठा हुशारीचा उपाय वाटला.

खळ ढवळता ढवळता मी जगन्नाथरावांना यथेच्छ बोलून घेतलं. बंबवाले, वेडा माणूस, पोरीच्या जिवाशी खेळ. सुलेखा ऐकत होती. मग हातातला ढवळायचा डाव न थांबवता तिने सांगितलं.

जगन्नाथरावांना एक बहीण होती, नंदा. सांगलीला, पाठची, लाडकी. अमेरिकेत पहिली नोकरी लागल्यावर यांनी इथल्या दुकानातून नायलॉनचं कापड साडीएवढं कापून घेतलं, गुलाबी, बारीक पांढऱ्या फुलांचं, आणि कुणाच्या तरी बॅगेतून सांगलीला पाठवलं. त्या वेळी फॉरेनच्या नायलॉनसाठी सगळं गाव वेडं होतं. नंदा ती साडी पेटीतून बाहेर काढायची नाही. आई म्हणाली, बघायला मंडळी येणार आहेत त्या दिवशी नेस. त्या दिवशी ती नेसली. चहा करताना रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडाला. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं, आणि अंगाला चिकटतं. यांना तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं.

"मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलं," सुलेखा म्हणाली. "ते स्वतः एकदाही बोललेले नाहीत. घरात नंदाचं नाव काढायचं नाही असं मला न सांगताच कळलं. मृणालला तर माहीतच नाही."

मी शेगडीकडे बघत राहिले. गॅस नव्हता, ज्योत नव्हती, नुसतं लाल झालेलं विजेचं वेटोळं. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीला हसत होतो ती मला त्या स्वयंपाकघरात एकदम दिसली, आणि मला माझा संताप कुठे ठेवावा ते कळेना. बापाची कीव करावी तर पोरीचा परीचा झगा पातेल्याशेजारी पडला होता. पोरीची बाजू घ्यावी तर काय म्हणून घ्यायची? बापाला कुठल्या तोंडाने बोलायचं?

झगा आम्ही मागच्या अंगणात बॅडमिंटनच्या जाळीवर वाळत घातला. एप्रिलचं ऊन आणि वारा होता, वाळला लवकर. खळ जरा जास्तच झाली होती. झगा जाळीवरून काढला तर हवेत तसाच उभा राहिला, पापडासारखा कडक. आणि निळीने आपलं काम दामदुप्पट केलं होतं. चुण्यांच्या खाचांत नीळ साचली होती, मधेमधे ढग आले होते. आम्ही एकमेकींकडे बघून म्हटलं की लाइटमध्ये कळणार नाही.

लाइटमध्ये फारच कळलं. बाकीच्या मुली मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या शुभ्र, आणि त्यांच्यात ही निळी घंटा, चालली की करकर वाजणारी. मिसेस केलरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मृणालला जवळ घेतलं, दुसऱ्या कुणाचा झगा होतो का बघितलं, पण सगळे आपापल्या मापाचे शिवलेले. मधल्या परीचा नाच आणखी एका मुलीने शिकून ठेवला होता. तिला पुढे केलं. पांढरा रंग हाच सगळा नाच आहे, असं बाई सुलेखाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

आम्ही प्रेक्षकांत बसलो. पडदा वर गेला. मधोमध सोनेरी केसांची परी आली. मृणाल कुठे आहे ते मी शोधलं. मागे पुठ्ठ्याची झाडं उभी केली होती, त्यांच्या आडून हात वर करून ती उभी होती, कमरेपासून खाली कुणाला दिसू नये अशी. पुन्हा झाड. मी जगन्नाथरावांकडे बघितलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे बाकीच्या मुलींच्या झग्यांवर होते, जे बोरॅक्समध्ये बुडवलेले नव्हते, आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची घट्ट धरली होती. एकेक पोर दिव्यांच्या जवळून गिरकी घेत गेली की ते खुर्चीतून अर्धवट उठायचे. कार्यक्रमभर कशालाही काही झालं नाही. बॅटरीच्या मेणबत्त्या शेवटपर्यंत नीट चालल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मृणाल आठवडाभर बापाशी बोलली नाही. सुलेखा मला फोनवर सांगायची, दोघं एका टेबलावर जेवतात आणि मीठसुद्धा माझ्याकडून मागतात. मी म्हटलं, अगं, सांगून टाक पोरीला. ती म्हणाली, माझं नाही ते सांगायचं. ते आपणहून बोलणार नाहीत आणि मी बोलले तर मला माफ करणार नाहीत. तिचा आवाज थकलेला होता. ज्या घरात तिघंही एकमेकांवर जीव टाकतात, तिथे बाहेरच्या माणसाने करायचं तरी काय?

रविवारी दुपारी मी ढोकळा घेऊन गेले, निमित्त म्हणून. गॅरेजचं दार उघडं होतं. समोर ड्राइव्हवेवर जगन्नाथराव उकिडवे बसले होते. शेजारी पाण्याची बादली. त्यांनी झग्याची कात्रीने पट्टी कापली होती. एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने ते तिच्या टोकाला काडी लावत होते. आगपेटीला हात न लावणारा माणूस. कापड काळं पडायचं, थोडा धूर यायचा आणि विझायचं. ते काळं टोक निरखून बघायचे, मग दुसरी काडी ओढायचे. जमिनीवर जळक्या काड्या पडल्या होत्या.

"बघ कांचन," ते म्हणाले. मला ते नेहमी वहिनी म्हणत. "पेटत नाही."

मी म्हटलं, हो, नाही पेटत. दुसरं काय म्हणणार? मला तो ढोकळ्याचा डबा कुठे ठेवावा तेसुद्धा समजत नव्हतं.

तेवढ्यात आतून मृणाल आली. सायकल काढायला आली असावी. बापाच्या हातात आपल्या झग्याची चिंधी आणि काडी बघून ती जागच्या जागी थांबली. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर पाय आपटत आत जाईल. तिने दोन्ही केलं नाही. बहुधा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. ती त्यांच्यासमोर खाली बसली.

जगन्नाथरावांनी काडी ओढली, पट्टीला लावली, ती विझली. मग पट्टीकडेच बघत ते म्हणाले, "नंदाची साडी मी पाठवली होती."

नंदा गेल्यापासूनच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा. सुलेखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने तोंडावर पदर धरला.

"हू इज नंदा?" मृणालने विचारलं.

त्यांनी पट्टीचं काळं टोक बोटाने चोळून बघितलं. ती वाट बघत राहिली.

"तुझी आत्या," ते म्हणाले.

मृणालने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम उजळला, लहान मुलीसारखा. इथे आमच्या पोरांना नातेवाईक म्हणजे फोटोतली माणसं, एखादं नवीन सापडलं तरी त्यांना आनंद होतो.

"आय हॅव ॲन आत्या?" ती म्हणाली.

जगन्नाथरावांनी जळकी काडी बादलीत टाकली.

"होती," ते म्हणाले.